उणीव की ओढ?

चार वर्षांपासून माझ्या फोनमध्ये एका गिटारचा फोटो आहे. गिब्सन लेस पॉल. मधोमध मधासारखा पिवळा आणि कडांकडे लालसर होत जाणारा रंग, खाली महोगनीचा जाड देह. आजच्या बाजारात ती अडीच लाखांच्या पुढे जाते. विठ्ठलवाडीच्या आमच्या वन-बीएचकेत भिंतीला टांगलेली माझी गिटार चौदा हजारांची आहे. दहा वर्षं मी तीच वाजवते. घ्यावी का ती दुसरी? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय, की शेवटी ठरवलं, नीट अभ्यासच करू.

कल्याण जंक्शन सोडून गाडी कर्जतच्या दिशेला लागली की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी, पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यात गिटार शिकणारी मुलंमुली कमी नाहीत. कुणी क्लासला जातं, कुणी फोनवर बघून शिकतं, कुणी कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न येतो. म्हणून हाती आलेलं सगळं इथे मांडते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. महागडं वाद्य घ्यावंसं वाटतं तेव्हा मनात दोन वेगळ्या भावना असतात आणि आपण त्यांना एकच समजतो. एक उणीव: आहे त्या वाद्यातून हवं ते निघत नाही. दुसरी ओढ: ते वाद्य आपलं असावं असं वाटतं. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि किंमतही वेगळी आहे.

आवाज येतो कुठून?

हळदीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो आठवा. बुलबुलतरंगाचं ते विजेवरचं रूप. वायर काढून वाजवला तर शेजारच्या माणसालाही नीट ऐकू जात नाही. वायर जोडली की गल्ली दणाणते. इलेक्ट्रिक गिटारचंही तसंच आहे. तिच्या तारांखाली ‘पिकअप’ असतो: चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये सूक्ष्म वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. ती वीज अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकर तिला पुन्हा हवेत हलवतो.

साध्या लाकडी गिटारमध्ये तारेची थरथर वरच्या फळीला हलवते आणि ती फळी हवेला. तिथे लाकूड म्हणजेच आवाज. भरीव देहाच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये मात्र पिकअप ऐकतो तो तारेला. लाकडाचा वाटा उरतो, पण फार लहान. बाजारात यशस्वी झालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली विक्रीला आली. रिकनबॅकर कंपनीच्या त्या गिटारचा देह ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा होता आणि आकारामुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. त्यात लाकूड नव्हतंच.

लेस पॉल हे नावही एका माणसाचं. १९४० च्या सुमारास या वादकाने एपिफोनच्या कारखान्यात पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. नाव ठेवलं ‘लॉग’, म्हणजे ओंडका. वाजायचं उत्तम, पण लोकांना ते रूप पटेना. मग त्याने दोन्ही बाजूंना एका गिटारच्या देहाचे अर्धे भाग जोडले. आवाजासाठी त्यांची गरज नव्हती. गिटार गिटारसारखी दिसावी म्हणून ते होते. पुढे १९५२ मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची गिटार काढली. माझ्या फोनमधली गिटार त्याच घराण्यातली, आणि तिच्या जन्मकथेतच डोळ्यांना काय हवं आणि कानांना काय हवं हे वेगळं दिसतं.

अडीच लाखांत काय येतं?

मग एवढे पैसे जातात कुठे? पहिला मोठा वाटा मजुरीचा. अमेरिकेत घडलेली गिटार आणि इंडोनेशियात किंवा चीनमध्ये घडलेली गिटार यांच्या किमतीतला बराचसा फरक कारागिरांच्या पगाराचा असतो. दुसरा वाटा हातकामाचा: फ्रेटच्या कडा घासून गुळगुळीत करणं, रंगाचे पातळ थर एकावर एक देणं, मानेचा जोड बसवणं. तिसरा वाटा सुट्या भागांचा: तार पक्की धरणाऱ्या खुंट्या, चांगले पिकअप, आतले स्विच आणि आवाज कमी-जास्त करणारे पॉट. चौथा नावाचा. त्यावर जहाजाचं भाडं, आयात शुल्क, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा.

यातलं काय आपल्या हाताला जाणवतं आणि काय फक्त बिलात दिसतं, हे ओळखायला हवं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्वस्त गिटार म्हणजे वाकडी मान, बोटाला टोचणारे फ्रेट आणि सुरात न राहणाऱ्या खुंट्या. आज लाकूड कापण्याचं काम संगणकावर चालणारी यंत्रं करतात आणि त्यामुळे खालच्या किमतीतल्या गिटारही मापात येतात. पाच हजारांची गिटार आणि पंचवीस हजारांची गिटार यांत आभाळाएवढं अंतर असतं. पंचवीस हजार आणि ऐंशी हजार यांतही स्पष्ट अंतर असतं. ऐंशी हजारांपासून अडीच लाखांपर्यंत मात्र प्रत्येक हजारामागे मिळणारी सुधारणा आटत जाते. शेताला पहिली खताची गोणी जेवढं देते तेवढं दहावी देत नाही, तसंच.

डोळे बांधल्यावर

आवाजाबाबत आपला कान किती खरं सांगतो, याच्या दोन परीक्षा मला फार मोलाच्या वाटतात.

पहिली व्हायोलिनची. २०१० साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात क्लाउडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ निष्णात वादकांपुढे सहा व्हायोलिन ठेवली. तीन नवी आणि तीन जुनी: दोन स्ट्रॅडिव्हेरियस, एक ग्वार्नेरी. खोलीत अंधूक उजेड, वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. जुन्या लाकडाचा वासही येऊ नये म्हणून व्हायोलिनला अत्तराचं बोट लावलं होतं. यातलं घरी न्यायला कोणतं आवडेल, असं विचारलं तेव्हा २१ पैकी फक्त आठ जणांनी जुनं वाद्य निवडलं. सगळ्यांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला.

दुसरी परीक्षा गिटारची. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. एकाच कारागिराकडून सहा लाकडी गिटार बनवून घेतल्या. फरक एकच, पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा. त्यात दुर्मिळ ब्राझिली रोझवूड होतं, आपलं भारतीय रोझवूड होतं आणि स्वस्त लाकडंही होती. ५२ गिटारवादकांनी वेल्डरचे चष्मे लावून त्या वाजवल्या आणि आवाजाला जवळपास सारखेच गुण दिले. ज्या वाद्यात लाकूडच आवाज घडवतं तिथे ही गोष्ट, तर भरीव देहाच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाच्या नावासाठी पैसे मोजताना दोनदा विचार करायला हवा.

हे भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव. आजोबांच्या शिसवी पलंगाचं लाकूड. पश्चिम घाटात, दक्षिणेत वाढणारं हे झाड कापून जगभरच्या गिटारींचे फ्रेटबोर्ड बनतात. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांचं बंधन आलं. काही कंपन्यांनी तेव्हा आपल्या गिटारींसाठी दुसरं लाकूड घेतलं. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे अमेरिकेहून येणारी ती स्वप्नातली गिटार मानेवर आपल्याच जंगलाचा तुकडा घेऊन परत येत असते.

न बघता ऐकण्याची ही परीक्षा घरी सोपी आहे आणि दुकानातही करता येते. १८६५ पासून मुंबईत वाद्यं विकणाऱ्या फर्टाडोजसारख्या दुकानात गिटार वाजवून बघू देतात. आपली स्वतःची गिटार सोबत न्यायची. दोन्ही एकाच अ‍ॅम्पवर, एकाच सेटिंगवर, एकच ओळ वाजवायची. नंतर वाजवायला मैत्रिणीला सांगायचं आणि आपण पाठ फिरवून ऐकायचं. एक काळजी नक्की घ्यायची: दोन्हींचा आवाज कानाला सारखाच मोठा लागेल असा करायचा. जरासा मोठा आवाज आपल्या कानाला नेहमी जास्त भरदार वाटतो आणि ताकदवान पिकअपची गिटार तेवढ्यावरच जिंकून जाते.

जवारीचा धडा

आता उणिवेकडे येऊ. इथे मला मिरज आठवते.

मिरजेचे तंतुवाद्य कारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते तंबोरे आणि सतारी करू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा. पण भोपळा कितीही उत्तम असो, तंबोरा बोलतो तो जवारीमुळे. घोडीचा पृष्ठभाग कानशीने अतिशय हलक्या हाताने घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा, आणि तार घोडीला नेमकी कुठे स्पर्श करते ते ठरवायचं. जवारी बिघडलेला महागडा तंबोरा मुका वाटतो. नीट जवारी काढलेला साधा तंबोरा खोली भरून टाकतो.

गिटारची जवारी म्हणजे सेटअप. तारांची फ्रेटपासूनची उंची, मानेतल्या लोखंडी सळईचा ताण, नटच्या खाचांची खोली, ब्रिजवर प्रत्येक तारेची लांबी. यांतलं एक जरी चुकलं तरी बोटं दुखतात, वरच्या फ्रेटवर सूर बेसूर लागतो, तारा खरखरतात. आपण म्हणतो, गिटारच वाईट आहे.

तपासायला सोपं आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढा. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दोन्ही सूर ट्यूनरवर एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर तारेची लांबी वाढवायची, उतरा असेल तर कमी करायची. ब्रिजवरचा छोटा स्क्रू फिरवला की काम होतं. तारा जुन्या झाल्या असतील तर हे काहीच जमणार नाही. आपल्याकडच्या घामात आणि दमट हवेत तारा लवकर गंजतात. नव्या तारांचा संच काहीशे रुपयांना येतो, आणि आवाज बदलण्याचा त्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

जाणत्या कारागिराकडून पूर्ण सेटअप करून घेतला तर साधारण एक-दोन हजार लागतात, फ्रेट घासून घेतले तर आणखी थोडे. अडीच लाखांच्या निर्णयाआधी हे करायलाच हवं. नाही तर आपण बिघडलेल्या गिटारची तुलना नीट जुळवलेल्या गिटारशी करत बसतो.

साखळीतली दुसरी कडी

पिकअपनंतर आवाज घडतो तो अ‍ॅम्प आणि स्पीकरमध्ये. तारेच्या थरथरीला इथे रंग चढतो. चांगली गिटार सहा इंची सरावाच्या स्पीकरला जोडली तर ती त्या स्पीकरसारखीच वाजते. साधी गिटार चांगल्या बारा इंची स्पीकरला जोडा, ऐकणारा चमकतो. पैसे मर्यादित असतील तर आधी अ‍ॅम्पवर खर्च करावा, हे अनुभवी वादक उगाच सांगत नाहीत.

पण विठ्ठलवाडीच्या चौथ्या मजल्यावर बारा इंची स्पीकर वाजवणार कधी? जुन्या पद्धतीचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प आवाज बराच वाढवल्यावर खरे खुलतात, आणि तोपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवतात. आमच्यासारख्यांचा बहुतेक सराव रात्री जेवणं झाल्यावर, हेडफोन लावून होतो. तिथे अ‍ॅम्पचा आवाज हुबेहूब उभा करणारं छोटं डिजिटल यंत्र आणि बरे हेडफोन यांनी जो फरक पडतो तो गिटार बदलून पडत नाही.

आणखी एक उणीव आपल्या घरांची आहे. गिटार जोडली की मागे ‘घूंऽऽ’ असा अखंड आवाज. भारतात घरची वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. पंख्याचा रेग्युलेटर, एलईडीचा स्वस्त ड्रायव्हर, फोनचा चार्जर हे सगळे तो गोंगाट हवेत सोडतात आणि एकेरी वेटोळ्याचा पिकअप तो पकडतो. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय शोधला. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकाचे वेढे उलट दिशेने आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे. बाहेरचा गोंगाट दोन्हींमध्ये उलटसुलट येतो आणि एकमेकांना खोडतो. तारेचा आवाज मात्र दोन्हींमध्ये सुलटच येतो आणि दुप्पट होतो. हाच हंबकर. लेस पॉलचा तो जाड, गडद आवाज बराचसा याचाच. आणि हंबकर तीस हजारांच्या गिटारमध्येही मिळतो.

तारांना हात लागल्यावर घूं कमी होत असेल तर एक तपासणी लगेच करा. गिटारच्या तारा अ‍ॅम्पमधून घराच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. सॉकेटचं अर्थिंग खराब असेल तर आवाजाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते नीट करून घेणं हा गिटारसाठीचा सगळ्यांत शहाणा खर्च आहे.

पाऊस आणि लोकल

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे ती दिवसच्या दिवस ऐंशीच्या वर असते. लाकूड पाणी पितं, मान हलते, फ्रेटवर हिरवट थर चढतो. अमेरिकी गिब्सनवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप असतो. दिसायला देखणा, पण नाजूक. रबरी किंवा फोमच्या हुकाला टेकून राहिला तर तो विरघळल्यासारखा खराब होतो. माझ्या भिंतीवरचा हुक नेमका तसाच आहे. महागडी गिटार घेतली तर केस, सिलिका जेलच्या पुड्या, आर्द्रता मोजणारं यंत्र आणि पावसाळ्याच्या आगेमागे एक तपासणी हे सगळं आलंच.

दुसरी गोष्ट प्रवासाची. सकाळी विठ्ठलवाडीला गाडी येते ती बदलापूर-अंबरनाथहून भरूनच. लेडीज डब्यात पाठीवर गिटार घेऊन चढले की बायका आधी कुरकुरतात, मग सरकून जागा देतात आणि वर ‘काय वाजवतेस गं?’ असंही विचारतात. पण दादरला उतरेपर्यंत तिला किती धक्के बसतात ते मोजायची सोय नाही. लेस पॉल चार किलोच्या आसपास किंवा जास्तच भरते. तिचं डोकं मागे सुमारे सतरा अंशांनी झुकलेलं असतं आणि नेमक्या त्याच जागी मानेतली सळई जुळवण्यासाठी लाकूड पोखरलेलं असतं. पाठीवरून आपटली की तिथेच तुटते, हा तिचा जगभर माहीत असलेला दोष. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचं डोकं मानेच्या रेषेतच असतं, ती असे धक्के अधिक सोसते. रोज लोकलने तालमीला जाणाऱ्याने हाही हिशोब करावा. स्वप्नातली गिटार घरातच राहणार असेल आणि बाहेर जुनीच जाणार असेल, तर ते आत्ताच मान्य करावं.

पाचगणीच्या मुलाचा मित्र

साताऱ्याच्या पाचगणीत सेंट पीटर्स शाळा आहे. १९५५ मध्ये झांझिबारहून एक पारशी मुलगा तिथे शिकायला आला, फारुख बल्सारा. शाळेतल्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. पुढे लंडनला गेल्यावर तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची गोष्ट या लेखाला हवी आहे.

ब्रायनला शाळेत असताना फेंडर किंवा गिब्सन हवी होती. घरची ऐपत नव्हती. १९६३ साली त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून कोरली. देहाला जुन्या टेबलाचं ओक लागलं. तार ढिली करून पुन्हा सुरात आणणाऱ्या दांड्याच्या यंत्रणेला जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा बसवल्या. फ्रेटबोर्डवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घेतली. दोन वर्षं लागली. ‘रेड स्पेशल’ नावाची ती गिटार त्याने क्वीनच्या साऱ्या कारकिर्दीत वाजवली. २००२ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभं राहून वाजवली तीही हीच.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, महागड्या वाद्याची गरजच नाही. मला तिच्यात दुसरंच दिसतं. त्या मुलाला नेमकं काय हवंय हे ठाऊक होतं. दांडा दाबून सोडल्यावर तारा अचूक सुरात परत यायला हव्यात आणि अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की सूर हवा तितका वेळ गुंजत राहायला हवा. उणीव इतकी स्पष्ट होती की ती भरून काढायला पैसा नव्हे तर दोन वर्षांची मेहनत पुरली. आपल्यापैकी बहुतेकांना आपली उणीव एका वाक्यात सांगता येत नाही. तोवर गिटार बदलून उपयोग नाही.

ओढीचा हिशोब

उणिवा संपल्यावरही फोनमधला फोटो बोलावत राहतो. ती ओढ. तिला खोटी किंवा उथळ म्हणणं मला पटत नाही. जी गिटार पाहून हात आपोआप पुढे जातो ती जास्त वाजते, आणि जास्त वाजवल्यानेच हात सुधारतो. पैठणी अंगाला साध्या साडीइतकीच ऊब देते, तरी आपण वर्षभर पैसे साठवून ती घेतो आणि जन्मभर जपतो. त्यात चूक काही नाही. फक्त ओढीचे पैसे ओढीच्या नावाने मोजावेत, उणिवेच्या नावाने नव्हे.

म्हणून हा हिशोब. बयाणा देऊन उरलेले २,४०,००० रुपये १५ टक्के व्याजाने २४ हप्त्यांत फेडले, तर दरमहा सुमारे ११,६४० रुपये जातात आणि एकूण व्याज सुमारे ३९,००० होतं. तेवढ्यात एक चांगला अ‍ॅम्प येतो. तेच दरमहा १०,००० रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले तर २४ महिन्यांत २,४०,००० जमतात, वर थोडं व्याजही मिळतं. त्या दोन वर्षांचा खरा फायदा वेगळाच आहे: ओढ टिकते की नाही ते कळतं.

दुसरा हिशोब तासांचा. गिटार रोज तासभर वाजली तर दहा वर्षांत ३,६५० तास होतात. २,४०,००० ला भागलं की तासाला सुमारे ६६ रुपये. आठवड्याला एक तास वाजली तर तासाला ४६० च्या पुढे. म्हणजे गिटार महाग की स्वस्त हे दुकानात ठरत नाही, आपल्या संध्याकाळींवर ठरतं.

फ्रेंच लेखक दनी दिदेरो याने १७६९ मध्ये एका निबंधात लिहून ठेवलंय, की भेट मिळालेल्या उंची झग्यापुढे त्याला घरातली प्रत्येक जुनी वस्तू कळकट वाटू लागली आणि तो एकेक बदलत गेला. गिटारचंही तसंच होतं. आधी केस, मग केबल, मग ‘या गिटारला शोभेल’ असा अ‍ॅम्प. खर्चाचा आकडा ठरवताना गिटारच्या किमतीवर आणखी चौथा हिस्सा धरावा.

आणि वापरलेली घेण्याचा पर्यायही ठेवावा. नावाजलेल्या अमेरिकी गिटारी नीट ठेवल्या तर किंमत बऱ्यापैकी टिकवतात. म्हणजे पहिल्या मालकाने सोसलेली घट दुसऱ्याला सोसावी लागत नाही. फक्त बनावट मालापासून जपावं. खऱ्या गिब्सनच्या डोक्यावरच्या घंटेच्या आकाराच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, नकलांना पुष्कळदा तीन. एवढ्यावर विसंबू नये, क्रमांक तपासावा, जाणकाराला सोबत न्यावं आणि मानेच्या मागे तुटून जोडल्याची रेघ दिसते का ते उजेडात पाहावं.

माझं काय ठरलं?

मी उणिवांची यादी केली. तीन निघाल्या: वरच्या फ्रेटवर बेसूर लागतं, आवाज पातळ येतो आणि मागे घूं ऐकू येतं. पहिली सेटअप आणि नव्या तारांनी गेली. तिसरी अर्थिंग दुरुस्त केल्यावर बरीचशी गेली, उरलेली पिकअपची आहे. दुसरीसाठी मैत्रिणीला घेऊन दुकानात गेले आणि पाठ फिरवून ऐकलं. हंबकरची गिटार मला दर वेळी ओळखता आली. पण हंबकर असलेल्या साठ हजारांच्या आणि अडीच लाखांच्या गिटारमध्ये मी तीनदा चुकले. म्हणजे माझी उणीव साठ हजारांत संपते. त्यापुढचे सगळे पैसे ओढीचे.

ओढ आहेच, ती मी नाकारत नाही. बँकेत आवर्ती ठेवीचं खातं उघडलंय. त्याच दिवशी एक वही केली. रोज किती मिनिटं वाजवलं ते तिच्यात लिहायचं, वाजवलं नाही तर ती ओळ कोरी ठेवायची. नऊ महिने झाले. या महिन्याच्या पानावर सव्वीस दिवस भरलेले आहेत, चार कोरे. जूनच्या पानावर कोरे दिवस अकरा होते. चोवीस पानं भरली की पैसे हातात येतील. तेव्हा दुकानात जायच्या आधी मी ही वही पहिल्या पानापासून वाचेन, आणि कितीची गिटार घ्यायची ते ती सांगेल: साठ हजारांची की अडीच लाखांची.